पऱ्हाटीचे रूळ

चौतीस वर्षं मी रुळांवर काढली.
चावीवाला म्हणून लागलो, मुकादम होऊन सुटलो.
सोळाशे शहात्तर मिलिमीटर –
हे अंतर मी अजूनही झोपेत
दोन तळव्यांत धरून दाखवतो, असं द्वारका म्हणते.

आता भुसावळच्या घरात, मागच्या खोलीत,
जुन्या दाराच्या फळीवर
मी असा रूळ घालतोय ज्यात लोखंड नाही.

यावलच्या वर, हिवरकुंडीच्या नाळेत
कुण्या ठेकेदारानं टाकला होता म्हणे:
धावड्याचे सोट, साल काढून जोडीजोडीनं निजवलेले,
फिशप्लेट नाही, चावी नाही,
खाली अंजनाचे ओंडके, वर सागानं लादलेली गाडी.
चढाला दोन हेले. उताराला देवाची मर्जी
आणि मागं बांधलेली एक फरफटती फांदी.
त्याचा फोटो नाही, नकाशा नाही.
आहे तो नव्वदी उलटलेला रुबाब तडवी,
जो पोरवयात गाडीपुढे पळत
लाकडाला टोळंबीचं तेल पाजायचा,
नाहीतर रुळातून धूर निघायचा.

माझे सोट म्हणजे पऱ्हाटी.
साडूच्या शेतातून भारा आणला,
एकेक काडी सोलली, काचकागदानं घासली,
जाडी सारखी, अगदी सारखी, तीन मिलिमीटर.
चाकांना द्वारकाची जुनी लाकडी रिळं:
पोट खोल, दोन्ही काठ उभे,
गोल काडीवर खोगिरासारखी बसतात.
"एकावर अजून फॉलचा दोरा आहे," ती म्हणाली.
दोरा बोटाला गुंडाळून घेतला, मग रीळ दिलं.

मे महिना. कूलरचं पाणीसुद्धा कोमट.
डिंक काडीला लागायच्या आत ब्रशवर वाळतो.
तरी अठराव्या दिवशी नाळ फळीच्या टोकाला पोचली
आणि नातवाच्या मोटारसायकलवर बसून
रुबाबबाबा आला.
त्यानं चष्मा मागितला नाही.
रुळावरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत.
"लय सरय केलं रे भो."
पाणी प्याला. मग म्हणाला,
"झाडाले बुडखा राह्यतो, शेंडा राह्यतो.
तुह्या रुयाले शेंडाच नाही."

म्हणजे वाट कुठे रुंद, कुठे अरुंद.
म्हणजे चाकं आसावर बोटबोट सरकायची,
आपली जागा आपण शोधत जायची.

मी गेजपट्टी खिळ्याला टांगली.
तिच्याकडे बघताना धर्मा सपकाळे आठवला,
सहा मिलिमीटरच्या फरकासाठी
ज्याच्याविरुद्ध मी लिहून दिलं होतं.
वर्षभर त्याची पगारवाढ थांबली.
रूळ माझ्या बाजूनं बरोबर होता.
धर्मा आता कुठे असतो, कोण जाणे.

सगळं उखडलं. पुन्हा भारा सोडला.
या वेळी काड्या घासल्या नाहीत.
बुडख्याला शेंडा, शेंड्याला बुडखा,
हात दर वितीला सरळ करायला धावायचा,
मी त्याला मागे ओढायचो.
इतकं अवघड काम मी नोकरीत केलं नव्हतं.

बाबा पुन्हा आला. बोट खोबरेलात बुडवून
त्यानं रुळांना लावलं, हलकेच,
आणि गाडी सोडली.
ती डुलत निघाली, रिळं डावीउजवीकडे सरकली,
दुसऱ्या वळणाला, पऱ्हाटीच्या एका गाठीशी, अडली.
मी चाकू उचलला.
"राहू दे," बाबा म्हणाला, "हिथंच थांबायची ते.
मी हिथंच दम खायचो."
खरं की खोटं, मी विचारलं नाही.

रात्री एकच्या मालगाडीनं नेहमीसारखं घर हललं,
मांडणीवरची भांडी बोलली.
सकाळी पाहतो तर गाडी गाठीच्या पुढे, चार बोटं.
द्वारका म्हणते तिनं हात लावला नाही.
तिच्या बोटाला मात्र तेलाचा वास होता,
आणि डोक्याला तेल तर ती रोजच लावते.