रोजचं वजन

बुरैमीच्या सनय्यात, टायरवाल्यांच्या गल्लीमागे,
गुलजमान उस्तादनं गाडीचं नाक दोन्ही हातांनी दाबलं
आणि सोडून दिलं.
एक, दोन, तीन, साडेतीन.
"एकदा वर येऊन गप्प बसायला हवी," तो म्हणाला.
"ही मान डोलावतेय,
कुणी काही विचारलेलं नसताना."

गाडीचं नाव पेट्रोल, आणि ती नावाला जागणारी.
तेवीस वर्षांची. मी तिचा चौथा मालक.
खिशात एकशे नव्वद रियाल,
त्यातले तीस मी माझ्यापासूनच लपवलेले.

समोरच्या दुकानात काचेमागे अख्खं किट टांगलेलं:
चार पिवळ्या स्प्रिंगा, चार शॉकअप,
गाडी तीन इंच वर, चारशे वीसला.
आधी आकडा पाहिला, मग स्प्रिंगा,
मग उगाच मोबाइल.
आमच्या प्लांटवरच्या टिपणीसांनी चार इंच उचललीय.
बायको उतरते ती पंगतीतून उठल्यासारखी, गुडघ्यावर हात ठेवून,
आणि गाडी जाते शाळेपर्यंत,
फार तर भाजीला.
पण वाळूवरून येणारा माणूस दिसावा तसे दिसतात टिपणीस.
मलाही दिसायचं होतं. खोटं कशाला बोलू.

"वजन किती नेतोस?" उस्तादनं विचारलं.
"गप्पांतलं नको. रोजचं."

पाण्याचे दोन कॅन. फावडं. दोर.
हवेचा पंप, जास्तीचं एक चाक,
स्टोव्ह, चहाचा डबा.
"माणसं?"
मी.
"मागची सीट?"
काढून ठेवलीय. गॅलरीत आहे.
तिच्यावर बसून मी कांदे चिरतो,
रविवारी फोनवर बोलतो.
हे शेवटचं त्याला सांगितलं नाही.

त्यानं मला वजनकाट्यावर पिटाळलं.
काट्यावरच्या सुदानी म्हाताऱ्यानं पाचशे बैसे घेतले,
चिठ्ठी फाडली: दोन हजार दोनशे साठ.
"तुझ्यासकट," तो म्हणाला, आणि हसला,
जणू मी वगळायला सांगणार होतो.

उस्तादनं चिठ्ठी वाचून कानामागे खोचली.
"ती पिवळी स्प्रिंग पाचशे किलो ओझ्याची आहे.
ओझं नसलं की ती गाडीलाच मारते.
आधी दात वाजतील, मग कंबर,
मग तू म्हणशील रस्ता वाईट."

अंथरूण पाहून पाय पसरावे, एवढं घरून शिकून आलो होतो.
वजन पाहून उंची
हे इथे, ग्रीस लागलेल्या स्टुलावर.

मग हिशेब झाला, बॉनेटवर, खडूनं.
जुन्या स्प्रिंगा राहू देत, अजून सरळ उभ्या आहेत.
शॉकअप चार, साधे, तेलाचे: एकशे चार.
रबरी बुश, सगळे: अठरा.
"लोक लोखंड बदलतात," तो म्हणाला,
"आणि लोखंडामधलं रबर विसरतात. आवाज तिथेच असतो."
मजुरी तीस सांगितली, पंचवीसवर आला,
चहा त्यानंच पाजला.
एकशे सत्तेचाळीस.
लपवलेल्या तिसांना हात लागला नाही.

जुना बुश त्यानं माझ्या तळहातावर ठेवला.
भेगाळलेला, सुकलेल्या खारकेसारखा.
का कोण जाणे, मी तो खिशात टाकला.

शुक्रवारी महदाकडे गेलो.
खडीचा रस्ता पत्र्यासारखा, पन्हळी पन्हळी,
आणि डॅशबोर्डवरचा चष्मा पहिल्यांदाच जागेवर.
वाळू सुरू झाली तिथे थांबून
चारही चाकांची हवा सोडली, अठरापर्यंत.
यालाच काय ते पैसे पडत नाहीत.
फुस्स करत गाडी खाली बसली,
तीन इंच वर जायचं होतं ती
दोन बोटं खाली,
आणि टेकडी चढली. दुसऱ्या प्रयत्नात.

रात्री पार्किंगमध्ये कुणी नव्हतं.
मी नाक दाबलं, सोडलं.
एक.
मग मागे गेलो, रिकाम्या बाजूला,
तिथेही दाबून पाहिलं.
एक.

वर येऊन गॅलरीतली सीट उचलून बघितली,
किती भरते ते, नुसता अंदाज म्हणून.
चार बोल्ट कुठल्या डब्यात ठेवलेत
ते अजून शोधतोय.