पेवाचं तोंड

डॉक्टर मगदूमांनी कागदावर दोन छात्या काढल्या.
एकीवर वरून खाली सरळ रेघ,
दुसरीवर उजव्या कुशीत, बरगड्यांच्या मधे,
चार बोटांची आडवी खूण.
"झडप तीच बदलायची," म्हणाले,
"वाट कुठली, तेवढं ठरवू."

सातवीत असताना माझे सांधे सुजले होते.
ताप आला, गेला,
जाताना झडपेला चुना लावून गेला.

अण्णा कागद डोळ्यांशी नेऊन बघत राहिले.
हरिपुरात चाळीस वर्षं
हळदीच्या पेवांत उतरलेला माणूस.
वर खांदे जेमतेम मावतील एवढं तोंड,
खाली पंचवीस फूट काळोख.
अरुंद दार त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

"ल्हान तोंडातनं आत उजेड कसा न्हेता?"
डॉक्टर हसले.
कॅमेरा, लांब दांड्यांची हत्यारं,
रक्त जांघेतून यंत्रात फिरवायचं,
हृदय तेवढा वेळ थांबवून ठेवायचं.
"वेळ जरा जास्त लागतो.
पण हाड कापावं लागत नाही,
बाई महिन्याभरात शाळेत."

"आन् आतली हवा बिघडली तर?"

डॉक्टर हसायचे थांबले.
"तर सरळ रेघ."

मावशीचं एकच:
कुशीतली घे गं, ब्लाउजात झाकेल.
एक्केचाळीस वर्षांत माझ्या छातीची
एवढी काळजी कुणी केली नव्हती.
मी सही केली.
खाली बारीक अक्षरांत
दुसऱ्या वाटेचीही परवानगी होती, तिच्यासकट.

जाग आली तेव्हा घशात नळी.
मिरजेतली सकाळ की रात्र, कळेना.
हात सरकवत कुशीत नेला.
पट्टी होती. छोटी. चार बोटांची.
मग, उगाच, मधोमध.

तिथेही होती.
गळ्याखालून पोटापर्यंत.

अण्णांना दोन मिनिटं आत सोडलं.
टोपी हातात, पायांत दवाखान्याच्या निळ्या पिशव्या.
"कंदील खाली सोडला की कवाकवा
जोत मिणमिणती," म्हणाले.
"मग तोंड मोठं करायलाच लागतंय.
माणूस आत हाय न्हवं."

आता तीन महिने बादली उचलायची नाही.
खोकला आला की उशी छातीशी घट्ट.
हाड तारेने बांधलंय,
थंडीत ती तार वेगळी कळते.
रक्त पातळ ठेवायची गोळी, दर महिन्याला तपासणी,
पालेभाजी मोजून.
चौऱ्याहत्तर वर्षांचे अण्णा
माझ्यासाठी पाणी काढतात
आणि मला बघायचं नसतं.

रात्री घर निजलं की ऐकू येते:
टिक्. टिक्.
पेवात उतरलेला माणूस
वरच्याला दोराने हिसका देतो ना,
ठीक आहे, ठीक आहे, सोड अजून,
तसं काहीतरी.

पलीकडच्या खाटेवरून अण्णा विचारतात,
"वाजतंय न्हवं?"
त्यांना एका कानाने कमी येतं.
मी मोठ्याने सांगते, वाजतंय.