सहा वाजले

आभाळात घड्याळ असतं.
नाकासमोर बारा, उजव्या पंखावर तीन,
आणि शेपटीमागं, जिथं मान पोचत नाही, तिथं सहा.
हे मला कंधारच्या इर्शादनं शिकवलं.
त्याला मी अजून पाहिलेला नाही.
हेडफोनमधला आवाज फक्त, त्यामागं टेबलफॅनची घरघर.
दिवसा तो खांबावर चढतो, वीज मंडळाचा लाइनमन,
रात्री माझ्या डाव्या पंखाशी येऊन उडतो.

जिंतूरला साडेदहाला बाजार मिटतो.
मी स्टुडिओचं शटर कमरेपर्यंत ओढतो,
पासपोर्ट फोटोचा निळा पडदा गुंडाळतो
आणि टोपी घालतो.
टोपीला तीन बल्ब, मोडक्या रिमोटांतून काढलेले.
त्यांचा उजेड माणसाला दिसत नाही.
वेबकॅमला दिसतो, तोही भिंगावर
निगेटिवचा काळा तुकडा चिकटवला तरच.
मग मान बोटभर वळवली
की पडद्यावर अख्खं आभाळ मागं फिरतं.
गंमत एवढीच,
मागं बघताना डोळे समोरच ठेवायचे.
खरोखर वळून बघितलं तर मागं काय,
लॅमिनेशनचं मशीन आणि जिना.

तरी सहाच्या नेमक्या काट्यावर दिसत नाहीच.
खुर्चीची पाठ आड येते.
पायानं विमान जरा तिरकं ढकलायचं,
साप रस्ता ओलांडतो तसं,
तेव्हा शेपटीच्या कडेला एक ठिपका.
ठिपका म्हणजे अजून वेळ आहे.
ठिपक्याला पंख दिसले म्हणजे नाही.

मी दर वेळी एकाच कारणानं मरतो.
पुढं कुणीतरी धूर सोडत पळत असतो,
निशाण्याच्या गोलात येतो, निसटतो, परत येतो,
आणि मी घड्याळ विसरतो.
"सहा बघ," इर्शाद म्हणतो. "लै वेळ झाला, बघितलं न्हाईस."
एकदा म्हणाला,
"परमिट घेतो आमी. सबस्टेशनातून लाइन बंद, सही, शिक्का, समदं.
तरी साखळी टाकल्याबिगर तारंला हात लावत न्हाई.
कुन्या मंगल कार्यालयात जनरेटर लावतेत
अन् करंट उलटा येतो. बंद तारंतून, माघारी.
आमच्या गुरम्याचा हात..."
मग त्यानं माइक बंद केला.
आम्ही बराच वेळ ढगाखालून सरळ उडत राहिलो,
खाली कुठलीतरी परकी नदी,
येलदरीच्या पाण्याहून रुंद.
त्या रात्री गोळी कुणीच झाडली नाही.

काल पळणारा अगदी टप्प्यात आला होता.
अजून दोन सेकंद, एवढंच मनात.
"येलालाय! तुझ्या मागं येलालाय, मागं बघ!"
पडदा काळा झाला.
काळ्या काचेत माझी टोपी,
आणि टोपीच्या वर, बनियनमध्ये, आप्पा.
जिना कधी उतरले कोण जाणे.
त्यांचं लक्ष विमानाकडं नव्हतं, वेबकॅमकडं होतं.
"निगेटिव कुणाची कापलीस?"
"वाया गेलेला रोल होता, आप्पा. पूर्ण काळा."
"सत्याण्णव साल. चारठाण्याचं लग्न, वट्टमवारांचं."
त्यांनी चष्मा वर सरकवला.
"सप्तपदी झाली. कुणीतरी मागून हाक मारली,
त्या गडबडीत रोल माघारी न गुंडाळता
कॅमेऱ्याचं मागचं झाकण उघडलं मी.
मांडवात ऊन होतं."
अठ्ठावीस वर्षं तो रोल
बिस्किटांच्या डब्यात का ठेवला, मी विचारलं नाही.
"मग?"
"मग काय. नवरा-नवरीला पुन्हा चालवलं, सात पावलं, फोटोपुरती.
नवरी हसायली होती. अल्बममध्ये तेच आहे,
खोटं."
मला वाटलं तुकडा काढून मागतील.
त्यांनी नखानं त्याचा उचकटलेला कोपरा
भिंगावर नीट दाबला
आणि पाणी प्यायला वळले.

हेडफोन माझ्या गळ्यात लोंबत होता.
त्यातून इर्शाद बारीक आवाजात विचारत होता,
"कोन हाय रे? मागं कोन हाय?"