हेड साफ केलं तरी

बल्लारपूरला पेपर मिलच्या क्वार्टरमधून
कुण्या साहेबाचं सामान भंगारात निघालं,
त्यात एक डेक, पट्टा तुटलेला,
आणि बिस्किटाच्या पत्री डब्यात एकोणीस कॅसेटी.
रहमतने डेक किलोवर तोलला,
कॅसेटी वरून टाकल्या, भाजीवर सांबार टाकतात तशा.

माझं दुकान मोटार रिवायंडिंगचं, सिंदेवाहीला, राइस मिलच्या मागं.
जळालेलं तांबं उकलायचं, नवं गुंडाळायचं, वेढे मोजायचे.
वेढे चुकले तर मोटार नुसती गुरगुरते, पाणी उचलत नाही.
मोजल्याशिवाय मला काही ऐकूच येत नसे.

पट्टा बदलला. पहिली कॅसेट लावली.
वाटलं, हेड घाण आहे.
स्पिरिटनं पुसलं. कापूस काळा झाला, आवाज तोच.
स्क्रूनं कोन हलवला, रोलर पाहिला,
व्होल्टेज पाहिलं; आमच्याकडे ते पाहावंच लागतं.
तरी तसंच:
पितळेच्या आत कुणीतरी अडकलंय
आणि बाहेर यायचा रस्ता दर खेपेला नव्यानं खणतंय,
ढोलवाला त्याच्या मागं नाही, पुढं नाही,
पलीकडच्या बांधीत
एकटाच धान झोडतोय.

मग सतराव्या मिनिटाला कुणीतरी खोकलं
आणि सगळे थांबले. एकदम.
बिघाड असा थांबत नसतो.
बिघाडाला एकमेकांकडे पाहता येत नाही.

नवरगावच्या बँडचा क्लॅरनेटवाला, फागोजी निकुरे,
त्याला बोलावून ऐकवली.
बिडी विझली, त्यानं पुन्हा पेटवली नाही.
“खराब नाही गा हे,” म्हणाला,
“हा मानूस वरात पोचवून घरी चालला.”
म्हणजे?
“पैसे भेटले. नवरदेव उतरला. आता गानं सांगनारा कोनी नाही.
पहाटे टरालीत बसतो ना जी आम्ही, तवा असंच निंगते.
पन त्याले कोनी वाजवनं म्हनत नाही.”

तेव्हापासून नागपूरला बेअरिंग आणायला मी रविवारीच जातो.
जुन्या बाजारात ढीग उपसतो.
नटीचा फोटो असला तर बाजूला,
नुसती तारीख आणि शाईची दोन अक्षरं असली तर घेतो.
कधी कुणाचं भजन निघतं, कधी कुणाच्या पोरीचे पाढे.
एकदा चाळीस मिनिटं फक्त पंखा निघाला.
तोही ठेवला. बेअरिंग जायला आलं होतं त्याचं,
आणि तेवढ्यात तो काय काय करून पाहत होता!

वेगळी वही घातली नाही. दुकानाच्या रजिस्टरातच:
३ एचपी, पाणबुडी, नन्नावरे, जळाली.
कॅसेट २२, दोन बाया, शब्द नाहीत, मध्येच भांडं पडतं, दोघी त्यालाही घेतात.
५ एचपी, मोनोब्लॉक, उंदरानं वायर खाल्ली.
कॅसेट ३१, फागोजी, ट्रॉली, तळोधी ते नवरगाव. डफडं: भाचा, अर्धा झोपेत.

एकतीसमध्ये फाटक लागतं.
इंजिन भोंगा देतं, लांब.
फागोजी सूर मिळवत नाही.
भोंग्याच्या शेजारी, बोटभर सोडून,
आपला सूर उभा करतो
आणि गाडी जाईस्तोवर हलू देत नाही.
नंतर टेप संपते. मी साठ मिनिटांचीच नेली होती.

आता त्याचे पुढचे दात गेले.
परवा मिक्सर घेऊन आला, सुनेचा.
“लाव जी ते,” म्हणाला.
लावली. भोंग्यापाशी मान हलवली त्यानं:
“इथं चुकलो.”
मी विचारलं, हेड साफ करू?
त्याला जे हसू आलं, त्यात खोकला,
खोकल्यात शिटी.
रेकॉर्डचं बटण दाबलेलं नव्हतं.

मिक्सर टेबलावर उघडाच आहे.
ब्रश झिजलेत. चालू केला की आधी नुसता ओरडतो,
मग कुठून जावं ते पाहतो.
सुनेचा दोनदा फोन आला.
उद्या करतो म्हणालो.