फास्ट

गुरुवारी संध्याकाळी मी औषधांची खिडकी बंद करते
आणि हेक्समच्या नदीकाठच्या कुरणात येते.
धनुष्य पेटीत सुटं असतं: मूठ, दोन पाती, मेण लावलेली दोरी.
पाती आधी माझ्याकडे पाठ करून असतात.
दोरी चढवली की वाकतात,
टोकं मात्र शेवटपर्यंत पलीकडेच वळलेली.
आमच्या घराण्यात अशी माणसं पुष्कळ.

डोरीन रॉबसन शिकवते. सत्तर ओलांडलेली.
एकोणतीस वर्षं बस चालवली तिनं, ॲलनहेड्सच्या चढावर, बर्फातसुद्धा.
तिचं इंग्रजी मला पहिले चार महिने अर्धंच कळायचं,
उरलेलं ती माझ्या पाठीवर दोन बोटं टेकवून सांगायची:
हातानं नाही, इथून ओढ.
तीन बोटं दोरीवर. अंगठा तळहातात मिटलेला.
अंगठ्याचं इथे काही कामच नाही हे कळलं
तेव्हा मला एकटीलाच हसू आलं.
काय झालं, तिनं विचारलं.
म्हटलं, आमच्याकडे एका गुरूनं नेमका तोच मागून घेतला होता.
डोरीन म्हणाली, आमच्याकडे वर्षाची वर्गणी,
आणि चहाचे पैसे त्या डब्यात.

शिट्टी एक: सोडा.
शिट्ट्या तीन: चालत जा, आणा.
पन्नास यार्डांवर माझे सहातले दोन लागतात, तेही काळ्यात-पांढऱ्यात.
बाकीचे गवतात शिरतात, आडवे, कुरणाच्या कातडीखाली.
मग मी आणि केन धातू शोधायचं यंत्र घेऊन फिरतो.
परवा माझ्याऐवजी कुणाचा तरी जुना बाण निघाला,
पिसं कुजलेली, टोक शाबूत.
केन बराच वेळ बघत राहिला.
ब्रायनचा, म्हणाला, आणि आपल्या भात्यात ठेवला.

आज वारा उजवीकडून.
दोरी हनुवटीखाली, नाकाच्या शेंड्याला, ओठाला.
ती ओठावर असताना बोलता येत नाही,
या खेळातलं हे मला सगळ्यांत आवडतं.
क्लिकर वाजायला दोन मिलिमीटर उरलेत,
पाठीत हाड हाडाकडे सरकतंय,
आणि कुणीतरी ओरडलं: फास्ट!

फास्ट म्हणजे थांबा.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घाईघाईनं सोडलाच होता मी,
कुंपणापार, मेंढ्यांच्या मधून गेला.
डोरीन दोन आठवडे बोलली नाही.
जुना शब्द आहे, केन म्हणाला होता,
घट्ट धरून राहा, असा.

आज धरला.
तारेखालून एक कोकरू आलं होतं, लक्ष्यासमोर चरत,
पाठीवर निळ्या रंगात सदतीस.
निळ्याचे पाच, पलीकडून कुणी म्हणालं, सगळे हसले.
मला हसता येईना.
सव्वीस पौंड तीन बोटांवर,
सोडायचे नाहीत, उतरवायचे.
ओढण्यापेक्षा हे जड असतं, कुणी सांगितलं नव्हतं.
खांदा थरथरला. दोरी ओठापासून निघाली,
पाती सैलावली,
बाण माझ्याच हातात, न गेलेला.

गेल्या चैत्रात मी कुंदाला फोनवर एक वाक्य बोलले,
आईच्या बांगड्यांवरून, चारच शब्दांचं.
ते मधोमध लागलं. पुरे नऊ गुण.
त्यानंतर तिकडून फक्त पंख्याचा आवाज,
मग तोही नाही.

डोरीननं कोकरू काखेत मारलं आणि तारेपलीकडे सोडलं.
ते पुन्हा इकडे यायला बघत होतं.
माझ्या बोटांवर दोरीची खाच, लाल.
शिट्टी एक.
सगळ्यांची धनुष्यं वर.
मी तशीच, बाण खाली धरून.
इथे सव्वासात, ऊन अजून गवतावर,
मिरजेत पावणेबारा.
कुंदा उशिरापर्यंत जागी असते.