अर्थिंग

शारजाबाहेर सजा म्हणून भाग आहे.
नाव मी ठेवलेलं नाही.
तिथं पत्र्याच्या कुंपणाआड एकवीस पोकलेन उभी असतात,
सगळी जुनी, सगळी नव्या पिवळ्या रंगात,
बघण्याच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखी.

सहा नंबरचं डावीकडे वळलं की मरगळायचं.
बूम अर्ध्यात थांबे, पडद्यावर पाना उमटे,
खाली कोड: पंप प्रेशर सेन्सर, सर्किट तुटलेलं.
माझ्याआधी दोघांनी सेन्सर बदलला होता.
कोड काही खोटं बोलत नाही,
दुखतं तिथं तो बोट ठेवतो.
दुखणं कुठलं, ते त्याला कुठं माहीत.

गडहिंग्लजच्या आयटीआयला आमचे लोहार सर म्हणायचे,
आधी मीटर लाव, मग डोकं लाव,
पार्टला हात शेवटी.

बॅटरी चोवीसच्या थोडी वर. ठीक.
सेन्सरला पाच हवेत, चार पॉइंट नऊ. ठीक.
मग गुलजमानला सीटवर बसवलं, म्हटलं, वळव.
त्यानं वळवलं, आणि आकडा
हातातून दोर सुटावा तसा खाली गेला.

सकाळचे आठ, आणि स्पॅनर फडक्याशिवाय धरवेना.
केबिनमागचं झाकण काढून
वायरचं बोट धरून आत आत गेलो.
एका जोडावर पांढरी पट्टी गुंडाळलेली,
तिच्यावर पेनानं चार जपानी अक्षरं,
बारीक, एका ओळीत.
कोण होता, काय लिहिलं, देव जाणे.
जोड असा घातलेला की मी हात लावला नाही.

तिथून वीतभर खाली बोल्ट.
बोल्टखाली रंग. रंगाखाली आणखी रंग.
कुणीतरी चेसिसला पिवळं फासून
त्यावरच अर्थची वायर आवळली होती.
थिंबलला हिरवागार कळंक.
"अर्थ लागत नाही," मी बोलून गेलो
आणि एकटाच हसलो.
गुलजमान बघत राहिला. त्याला कुठून समजावू.

पॉलिश पेपरनं घासलं, पांढरं लोखंड लागेपर्यंत.
आवळलं. डावीकडे वळवलं, पुन्हा डावीकडे.
आकडा हलला नाही.

मग साठलेले कोड पुसायचे, ही रीतच आहे.
यादी उघडली. प्रत्येक कोडापुढे तास असतात,
तोवर मशीन किती चाललं होतं ते.
शेवटच्या कोडापुढे अकरा हजार तीनशे दोन.
आणि वर, त्याच पडद्यावर, मीटर म्हणतं
चार हजार आठशे सहा.

बशीरिक्का दारात उभे होते. त्यांनीही वाचलं असणार.
"क्लिअर करो," माझ्याकडे न बघता म्हणाले,
"आदिसवाला दस बजे आएगा."
माझा व्हिसा त्यांच्या शेठच्या नावावर.
गावी स्लॅबच्या सळया
तीन वर्षं आभाळाकडे तोंड करून उभ्या.

बटण दाबलं.
पडदा म्हणाला, एकही कोड नाही.

आदिस अबाबाचा माणूस, तेस्फाये, वेळेवर आला.
बादलीचे दात मोजले, पाइपांचा वास घेतला,
मला विचारलं, इलेक्ट्रिक ओके?
ओके, म्हटलं.
खरंच ओके होतं. त्यानं तेवढंच विचारलं होतं.
जाताना त्यानं मला एक गोड सुपारीची पुडी दिली,
कुठून मिळाली कोण जाणे, आपलीच होती.
ती मी फोडली नाही.

एक सांगायचं राहिलं.
झाकण लावण्याआधी, त्या जपानी पट्टीशेजारी
मी आपली एक पट्टी गुंडाळली,
मार्करनं लिहिलं, ११३०२ तास,
शाळेत शिकवलेल्या आकड्यांत.
गुलजमानला वाटलं, तारीख टाकली.

उघडेल कधी तरी कुणी, तिकडच्या लाल मातीत.
बोटानं पुसून बघेल दोन्ही पट्ट्या,
त्याच्या भाषेत म्हणेल, देव जाणे,
आणि जोड चांगला असेल
तर हात लावणार नाही.