घसारा

उणे अठ्ठावीस. थंडर बेच्या त्या चढावर
पिकअपवाल्या पोरानं ब्रेक दाबला
आणि पिकअपनं त्याचं ऐकलं नाही.
इतकंच घडलं. बाकीचं सगळं
माझ्या टेबलावर.

मी विमा कंपनीचा माणूस. गाड्यांची किंमत सांगतो,
बहुधा त्या मेल्यानंतर.

इर्या पेल्कोनेन, वय एकोणऐंशी.
ब्युइक स्टेशन वॅगन, एक्याण्णवची, रंग फिकट हिरवा.
काकडीच्या आतला असतो तसा,
पण हे फॉर्मवर लिहिलं नाही.
डावीकडची दोन्ही दारं आत गेलेली,
मागचं चाक तिरकं,
पाय मुडपून बसलेल्या म्हाताऱ्यासारखं.
मोडेन पण वाकणार नाही, हे पत्र्याला परवडत नाही;
तो आधी वाकतो, आणि मग
आम्ही त्याला मोडीत काढतो.

दुरुस्ती : चार हजार तीनशे डॉलर.
गाडीची किंमत, कंपनीच्या यंत्राच्या मते : अठराशे.
चार आण्यांची कोंबडी, बारा आण्यांचा मसाला,
हेच आम्ही सात पानांत लिहितो
आणि खाली सही मागतो.

तिनं सही केली नाही. कॉफी ओतली.
"घसारा म्हणजे काय?"
म्हटलं, वस्तू दर वर्षी थोडी थोडी उतरते, मोलानं.
"माणूससुद्धा?"
त्याचा रकाना वेगळा असतो, मी म्हणालो,
आणि वाटलं, जीभ चावावी.

मग तिनं आतून वही आणली.
जाड पुठ्ठा, त्यावर ग्रीसची बोटं,
नवऱ्याच्या हातची फिनिश अक्षरं, शिसपेन्सिलीची.
तेल बदललं, कितव्या किलोमीटरला. प्लग. पट्टा.
त्या दिवशी बाहेर किती थंडी होती, तेही.
एकतीस वर्षं.
नऊ वर्षांपूर्वीच्या एका मार्चात अक्षर बदलतं,
पेन्सिल जाते, निळं बॉलपेन येतं.
मध्ये एकही ओळ मोकळी नाही.

मला फिनिश येत नाही. आकडे येतात.
आमच्या नियमांत, अगदी बारीक टायपात, एक ओळ आहे :
देखभालीचा लेखी पुरावा असल्यास
स्थिती 'साधारण'वरून 'उत्तम'वर नेता येते.
दहा वर्षांत मी ती कधी वापरली नव्हती.
कुणी वहीच आणली नव्हती.

चारशे दहा डॉलर वाढले.
वरिष्ठांचा फोन आला : एवढ्या जुन्या डब्यासाठी
एवढी टिपणं कशाला?
म्हटलं, टिपणं माझी नाहीत.

दोन हजार दोनशे दहा. त्यातून
तिच्या पदरचे पाचशे वजा,
भंगार स्वतःकडेच ठेवते म्हणून दीडशे वजा.
पंधराशे साठात काय होतं?
नदीपलीकडचा डेलबर्ट मिचानो फोनवर हसला.
"नवे पार्ट मागवायचे तर नाहीच होत.
पण माझ्या परसात एक ब्युइक गाडली गेलीय.
बर्फ उकरायला कुणाला तरी पाठवा,
दारं न्या, चाकाचं मी बघतो."
बर्फ उकरायला तो पिकअपवाला पोरगाच गेला.
त्याला कुणी बोलावलं,
ते माझ्या फाइलमध्ये नाही.

एप्रिलात रस्ते उघडे पडले, मिठानं पांढरे.
हार्डवेअरच्या दुकानाबाहेर ती वॅगन दिसली.
अंग हिरवं, डावी दोन दारं मरून.
रंगानं, फक्त रंगानं.
जाळीतून इंजिन-हीटरची वायर बाहेर लोंबत होती.
ती आत बसून काहीतरी लिहीत होती,
चष्मा कपाळावर, ओठ हलत होते.
मी काच वाजवली नाही.

माझी गाडी दोन वर्षांची, हप्त्यांवर.
तिचं तेल कधी बदललं, ते फोनला ठाऊक असतं.
खिसे चाचपले. पेन होतं.
कागद म्हणून निघाली ती मिठाच्या पोत्याची पावती.
तिच्या पाठीवर तारीख घातली, किलोमीटर लिहिले.
मग थोडा विचार करून
थंडीही.